आले म्हणजे गेले!

बालमित्रांनो, तुम्ही कधी परदेशी गेला आहात का? नसाल तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. पस्तिसाव्या वर्षापर्यंत मीही गेले नव्हते. माझा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे आळे ते गणपतीपुळे, तोही शाळेच्या सहलीबरोबर! त्यातला निम्मा वेळ बस लागलेल्या मुलांच्या पाठीवरून हात फिरवण्यात गेला होता.

मी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावची. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याण-अहिल्यानगर रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला एका रेड्याच्या तोंडून वेद वदवले, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे. त्यामुळं कुठं लग्नाकार्याला गेलं की लोक विचारतात, "कुठलं आळे? रेड्याचं का?" आणि आम्ही छाती पुढं काढून म्हणतो, "हो, रेड्याचंच!" रेड्यावरून ओळख सांगायची आणि वर अभिमानही बाळगायचा, असं गाव शोधून सापडायचं नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, चौथीच्या वर्गाला. माझ्या मावसबहिणीच्या मिस्टरांना मॉरिशस बेटावर नोकरी लागली आणि बहीण फोनवर सारखी म्हणू लागली, "मे महिन्याच्या सुट्टीत ये ना गं!" दोन वर्षं पैसे साठवले, पासपोर्ट काढला आणि गेल्या उन्हाळ्यात एकदाचं ठरलं. ही बातमी वर्गात सांगितली तर एकच गलका झाला. "बाई, विमानात खिडकी उघडते का?" "बाई, तिथं बिबट्या आहे का?" "बाई, येताना डोडो आणा!"

निघण्याआधीची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आत्ता ती लहानशी वाटेल. पण ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिमणी म्हणू. तिचे आईवडील जळगावकडचे. आळेफाट्याच्या बाजारात कांदा निवडायच्या कामाला आले होते. एके दिवशी मी तिला विचारलं, "काल का आली नाहीस?" ती म्हणाली, "बाई, डोया दुखत होता, म्हून शायेत नाही आली."

डोया! शाया! सगळा वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, "अगं, डोळा म्हण. शाळा म्हण. म्हण बरं दहा वेळा!" तिनं फळ्यापुढं उभं राहून म्हणायचा प्रयत्न केला. चौथ्या वेळी पुन्हा "शाया" आलं, पुन्हा हशा झाला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मग ती जागेवर जाऊन बसली. त्यानंतर वर्गात तिचा आवाज फारसा आला नाही, पण परीक्षा तोंडावर होत्या. माझ्या काही ते लक्षात आलं नाही.

कांद्याच्या काट्यावर बॅग

विमानात तेवीस किलोच वजन नेता येतं असं तिकिटावर होतं. आता वजन करायचं कुठं? शेवटी एका पालकांच्या वखारीतल्या काट्यावर, कांद्याच्या गोणीशेजारी, माझी बॅग चढली. सव्वीस किलो! बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि लाडू. दोन किलो लाडू तिथंच हमालांना वाटले आणि एक किलो पीठ घरी परत पाठवलं. मुंबईच्या विमानतळावर बॅग बरोबर तेवीस भरली. आमच्या आळेफाट्याच्या काट्याला नावं ठेवायची कुणाची टाप नाही!

माळशेज घाटातून एस.टी.नं कल्याण, मग लोकल, मग रिक्षा आणि शेवटी विमान. खिडकी उघडत नाही, हे मी स्वतः तपासून पाहिलं. साडेसहा तासांच्या आत विमान हिंदी महासागर ओलांडून मॉरिशसला उतरलं.

उतरल्यावर पहिला चमत्कार घड्याळाचा. काटे दीड तास मागं! भूगोलात शिकवतेच ना मी, एका रेखांशाला चार मिनिटं. आपली वेळ साडेब्याऐंशी अंशांची, त्यांची साठ अंशांची. फरक साडेबावीस अंशांचा. साडेबावीस गुणिले चार म्हणजे नव्वद मिनिटं. गणित सोपं आहे, पण पोटाला ते कळत नाही. आळ्याच्या वेळेनं भूक लागायची आणि मॉरिशसच्या वेळेनं जेवण मिळायचं.

दुसरा चमत्कार सूर्याचा. आपलं आळे विषुववृत्ताच्या वर एकोणीस अंशांवर, तर मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांवर. म्हणजे पृथ्वीची मधोमध घडी घातली, तर आपण त्यांच्या जवळपासच्याच ओळीवर येऊ. इकडं मे महिन्यात अंगाची लाही होत होती आणि तिकडं थंडी सुरू होत होती. दुपारी सूर्य उत्तरेकडं कललेला. माझी सावली दक्षिणेला पडलेली पाहून मी दोनदा वळून खात्री करून घेतली की ती माझीच आहे. आणि रात्री तर गंमतच! ध्रुवतारा शोधू लागले तर ध्रुव कुठं दिसेना. तो तिथं क्षितिजाच्या खाली राहतो. बापाच्या मांडीवरून उठवलं म्हणून ध्रुवबाळानं अढळपद मिळवलं खरं, पण त्या अढळपदाचं दर्शन मॉरिशसला मिळत नाही.

मो आळे

मॉरिशसचे लोक घरात बोलतात ती क्रिओल भाषा. तिचे बरेच शब्द फ्रेंचमधून आलेले. सकाळी शेजारच्या काकूंनी मला हसून विचारलं, "कि मान्येर?" मला वाटलं विचारताहेत, "की मान्य?" मी लगेच मान डोलावली, "मान्य, मान्य!" नंतर बहिणीनं सांगितलं की त्याचा अर्थ "कशी आहेस?" असा आहे.

मग तिनं मला एक शब्द शिकवला. "मो" म्हणजे मी. एवढ्या भांडवलावर मी संध्याकाळी काकूंकडं चहाला गेले. त्यांनी खुणेनं विचारलं, कुठून आलात? मी छातीवर हात ठेवून ऐटीत म्हटलं, "मो आळे!"

काकूंचा चेहरा पडला. हातातला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला आणि त्या मला दारापर्यंत पोचवायला उठल्या! मी पुन्हा म्हटलं, "मो आळे! आळे!" त्यांनी घाईघाईनं माझी चप्पल पुढं सरकवली.

झालं होतं असं, की क्रिओलमध्ये "आले" म्हणजे जाणे. "मो आले" म्हणजे "मी जाते." त्यांच्या कानाला आपला ळ हा ल सारखाच लागतो. त्यामुळं मी चहा यायच्या आत दोनदा "मी निघाले" असं जाहीर केलं होतं! बहिणीनं उलगडा केल्यावर काकू इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या गल्लीत "मादाम आले" झाले. पाहा गंमत, आपल्याकडं "आले" म्हणजे आले आणि तिकडं "आले" म्हणजे गेले!

असे घोटाळे रोज होत. रस्त्यावर दालपुरी मिळते. दिसायला थेट आपली पुरणपोळी. मी तुपाची वाट पाहत मोठा घास घेतला, तर आत तिखटजाळ चटणी! एका गाड्यावर भजी तळत होते. नाव विचारलं तर म्हणे "गातो पिमां." मी इकडंतिकडं पाहिलं, कोण गातो? गातो म्हणजे केक आणि पिमां म्हणजे मिरची. मिरचीचा केक म्हणजे आपला डाळवडाच की!

आणि ऊस! बेटावर जिकडं तिकडं उसाचे फड. एकदा संध्याकाळी मी आणि बहीण उसाच्या कडेनं चाललो होतो. मी सवयीनं मोठमोठ्यानं टाळ्या वाजवू लागले आणि खाकरू लागले. जुन्नर तालुक्यात ऊस म्हणजे बिबट्या आलाच. आमच्या मुलांना अक्षरांच्याही आधी हे शिकवावं लागतं, की अंधार पडल्यावर एकट्यानं फिरायचं नाही, आवाज करत चालायचं. समोरून एक आजोबा आले, थांबले आणि भक्तिभावानं तेही टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं मी आरती म्हणते आहे! मॉरिशसच्या रानात बिबट्याच काय, माणसाला खाईल असं एकही जनावर नाही. आमच्या चौथीच्या मुलांसाठी ही बातमी मी वहीत ठळक अक्षरांत लिहून घेतली.

डोडो मात्र आणता आला नाही. पोर्ट लुई शहरातल्या संग्रहालयात त्याचा सांगाडा आहे. उडता न येणारा तो गुबगुबीत पक्षी फक्त याच बेटावर होता. 1598 साली डच खलाशी तिथं उतरले आणि पुढच्या शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. माणसं आली आणि डोडो गेला.

सोळा पायऱ्या

पोर्ट लुईच्या बंदरावर एक जुनी दगडी जागा आहे. तिचं नाव आप्रवासी घाट. 2006 साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथं सोळा पायऱ्या आहेत. मी त्या मोजत चढले.

या बेटावर इंग्रजांचं राज्य असताना गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी अॅटलास नावाच्या जहाजातून पहिली तुकडी पोचली. पुढं 1920 पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं कोलकाता, चेन्नई आणि मुंबईच्या बंदरांतून तिथं गेली. मुंबईहून गेलेल्यांत आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळे. घाईघाईत लिहिणारे कारकून ऐकू येईल तसं नाव लिहून मोकळे होत. त्यामुळं आपल्याकडची नावं तिथं आडनावं झाली. बाबाजी हे तिथं आडनाव असतं!

त्या पायऱ्यांवर मला काकूंचा चहा आठवला. कोकणातल्या घरच्यांसाठी ही माणसं गेली. बेटावरच्या लोकांसाठी ती आली. एकाच जहाजातली तीच माणसं. पुष्कळजण परत गेलेच नाहीत. त्यांच्याजवळ सामान ते काय असणार? एखादं गाठोडं. माझे तर नुसते लाडूच पाच किलोंचे होते.

बाई फळ्यापुढं

बहिणीच्या ओळखीचे एक शिक्षक तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. हो, मराठी! तिथं भाषेचा तास आला की वर्ग विखुरतो. कुणी हिंदीला जातो, कुणी तमिळला, कुणी तेलुगूला, उर्दूला, चिनीला. 2012 पासून क्रिओललासुद्धा. आणि काही मुलं मराठीला येतात. गणेशचतुर्थीला तर साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातलं जाखडी नृत्य ते "झाकरी" म्हणून अजून नाचतात.

मी वर्गात गेले. मुलं उभी राहून म्हणाली, "नमस्ते बाई!" मला भरून आलं. फळ्यावर मराठीत तारीख होती. तास छान चालला. शेवटी मी आभार मानावेत म्हणून म्हटलं, "मेर्सी!"

वर्गात खसखस पिकली. एक चुणचुणीत मुलगी उठली. म्हणाली, "बाई, र नाही. र!" त्यांचा र घशातून येतो, गुळणी केल्यासारखा. आपला र जिभेच्या शेंड्यावर वाजतो. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हशा. "अंहं, बाई! परत!" तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी घसा खरवडला तर ठसकाच लागला. पाचव्या वेळी माझे कान गरम झाले. सहाव्या वेळी तोंडातून शब्दच फुटेना. तीस-पस्तीस डोळे माझ्या तोंडाकडं लागलेले, फळ्याला पाठ टेकलेली, आणि पळून जावंसं वाटत होतं.

आणि मित्रांनो, तेव्हा मला चिमणी आठवली.

मुलं वाईट नव्हती हो. त्यांना मजा वाटत होती, एवढंच. आमच्या वर्गालाही मजाच वाटली होती. पण मजा आणि फळा यांच्या मध्ये जो उभा असतो त्याला काय वाटतं, ते मला पस्तिसाव्या वर्षी, समुद्र ओलांडून गेल्यावर कळलं. डी.एड.च्या परीक्षेत "मुलाच्या बोलीचा आदर करावा" असं सुंदर अक्षरात उत्तर लिहून मी चांगले गुण मिळवले होते!

तेवढ्यात ती चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाई, आता तुम्ही आम्हांला विचारा." मी फळ्याकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, "फला." तिला ळ येत नव्हता. वर्गातल्या बहुतेकांना येत नव्हता. मी हसले नाही. मीही "फला" म्हटलं, तीही "मेर्सी" म्हणाली, अगदी माझ्यासारखा र काढून. मग मात्र आम्ही दोघी मिळून हसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कास्काव्हेलकडं गेलो. त्या भागात मराठी घरं बरीच आहेत. एका घरात एक आजी भेटल्या. बोलणं बहुतेक क्रिओलमध्ये, मध्ये मध्ये मराठीचे तुकडे. बहीण दुभाष्याचं काम करत होती. मी गावाचं नाव सांगितलं, या वेळी "मो" न लावता. आजी म्हणाल्या, "आळे." स्वच्छ, ठसठशीत ळ! मग बोटं मोजत म्हणाल्या, "केळं. नारळ. कपाळ." हे शब्द त्यांना त्यांच्या आजीनं दिलेले.

त्यांचा नातू अंगणात खेळत होता. त्यानं ओरडून काहीतरी मागितलं, त्यात "नारल" असं ऐकू आलं. माझ्यातली बाई जागी झालीच. विचारलं, "आजी, तुम्ही त्याला सुधारत नाही?"

आजी काय म्हणाल्या ते बहिणीनं सांगितलं. "नारल तर नारल. म्हणतोय ना? मी हसले तर तेवढंही म्हणायचा थांबेल."

हजेरीपटावर

पंचवीस दिवसांनी मी परत आले. येताना घड्याळानं तो दीड तास काढून घेतला, पै न पै वसूल! कल्याणहून माळशेज घाट चढताना मनाशी ठरवत होते. शाळा उघडली की पहिल्या दिवशी चिमणीला पुढं बोलवायचं. सगळ्यांसमोर तिला सांगायचं, की बाई, तुमची चूक झाली असं म्हण. मग तिला विचारायचं, तुमच्याकडं आणखी कशाकशाला काय म्हणतात गं? कारण ती चुकीचं बोलतच नव्हती. खानदेशात आणि वऱ्हाडात ळ च्या जागी य येतो, तिथली ती रीत आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तिकडच्याच बोलीत गाणी रचत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी 1952 साली पुस्तकात आली आणि साऱ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. मीही ती वर्गात गोडवे गाऊन शिकवते. पुस्तकातून आलं की कौतुक आणि बाकावरून आलं की हसू, असं कसं चालेल?

शाळा उघडली. हजेरी घेतली. चिमणीचं नाव पुकारलं. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं, मे महिन्यातच तिच्या आईवडिलांना दुसरीकडं काम मिळालं. दाखला घेऊन गेली. कुठल्या बाजाराला, ते नीट कुणाला सांगता येईना.

ज्या गावात रेड्यानं वेद म्हटल्याची गोष्ट आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो, त्याच गावात एका मुलीनं "शाया" म्हटलं म्हणून आम्ही हसलो. रेड्याच्या तोंडी वेद आले तर ऐकायला उभे राहणारे आम्ही! मी वर्गाला मॉरिशसच्या सगळ्या गमती सांगितल्या. दालपुरी, टाळ्या, मो आळे. पोरं पोट धरून हसली. मग मेर्सीची गोष्ट सांगितली आणि वर्ग हळूहळू शांत झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, चिमणीला कळवायला पाहिजे."

म्हणून हा लेख, मित्रांनो. ती आता कुठल्यातरी गावच्या शाळेत पाचवीत असेल. कदाचित तुमच्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर, फारशी बोलत नसेल. एखाद्या दिवशी ती चुकून "शाया" म्हणाली, तर हसू नका. तिला विचारा, केळ्याला काय म्हणतेस, बाळाला काय म्हणतेस? ती सांगेल ते शब्द वहीत लिहून घ्या.

आणि तिला एवढं नक्की सांगा, की आळ्याच्या बाई परदेशातून आल्या आहेत आणि त्यांना अजून "मेर्सी" म्हणता येत नाही.